मेहुण्याच्या गाडीतलं मीटर

मेहुण्यानं परदेशातून टर्बोची गाडी ऊर्जानगरला आणली, सोबत पेट्रोल आणि हवेचं प्रमाण दाखवणारं मीटर. मी ते ऑक्सिजन सेन्सरच्या वायरला जोडून दिलं. चाचणीला निघालो, तर वेग वाढून टर्बोचा जोर आला की काटा पेट्रोल कमी पडतंय असं दाखवायचा.

"भाऊ, पेट्रोल कमी पडलं तं इंजिन तापून जळून जाईन. नोको चालवू," मी म्हटलं.

त्यानं गाडी झाकून ठेवली. सासूबाई त्या गाडीतून नागभीडला जायला नवं लुगडं नेसून बसल्या होत्या.

"काऊन गा, गाडीनं नाई जात का?" त्यांनी लेकाला विचारलं. त्यानं त्यांची पिशवी उचलली. दोघं एसटीनं गेली.

हळू नेली असती तर टर्बोचा जोर लागलाच नसता. हे मला एसटी सुटल्यावर सुचलं, आणि मान वर करवेना.