राणीपुढं न वाकलेला आजोबा

पिंपरीच्या बस्तीतून निघालो तेव्हा रिक्षात बसेपर्यंत बबन माझी पिशवी सोडत नव्हता. कारखान्यात आम्ही दोघं हेल्पर होतो, एकाच खात्यात. सगळ्यांसमोर मोठ्यांदा म्हणाला, "गोऱ्यांच्या देशात चाललास. तुझा ताठा इथंच ठेव. जरा वाकून ऱ्हा तिकडं." पोरं हसली. मी रिक्षातून मान बाहेर काढून म्हणालो, "पिशवी दे आधी. ताठा तिच्यातच भरलाय."

बबन, आणि बस्तीतली सगळी मंडळी, तुमच्यासाठीच हे लिहितोय. आपली जी पोरं इकडं येऊन राहिलीत त्यांनीही वाचावं. चौथी शिकलेल्याचं लिहिणं आहे. जोडाक्षरं चुकली तर चुकली, मजकूर चुकायचा नाही.

ही गेल्यावर मुलानं एकटं राहू दिलं नाही, म्हणून आलो. मुलगा जर्मनीत नेकारसुल्मला मोटारीच्या कारखान्यात इंजिनियर. बाप ज्या कारखान्यात लोखंडाचा कीस झाडायचा तसल्याच कारखान्यात हा कॉम्प्युटरवर गाडीचा दरवाजा काढतो. सून सुजाता ऑफिसात जाते. दिवसभर घरात मी आणि शाळेतून आली की नात, यशोधरा. यशू मराठी सगळं समजते, उत्तर मात्र जर्मनमध्ये. मी विचारतो, "जेवलीस का?" ती म्हणते, "नाइन." म्हणजे नाही. आमचं छान चालतं. खरं सांगायचं तर या गावात माझ्याशी बसून बोलणारं तेवढं एकच माणूस. बाकीचे रस्त्यात हॅलो म्हणतात आणि पुढं जातात.

रविवारी दुपारी टीव्हीवर इंग्लंडच्या राणीची मालिका लागायची. जुनी राणी, आपल्यावर राज्य केलेली. तिचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. आपल्याकडं ती नुसती राणीछाप. माझ्या आईच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला राणीछाप रुपया असायचा, तिचं तोंड झिजून नाक सपाट झालेलं. टीव्हीवरची तरणी, देखणी, नाक शाबूत. राणी इंग्रजांची, बोलणं सगळं जर्मनमध्ये ओतलेलं, आणि बघणारा मी. मुलगा म्हणाला, "बाबा, तिचा नवरा इकडचाच, जर्मन." मी म्हटलं, "म्हणजे घरजावई!" बायको आत आली की तो बिचारा उठून उभा राहायचा. मी यशूला विचारलं, "ही त्याला अहो म्हणते का गं?" ती म्हणाली, "नाइन, आजोबा. डू." म्हणजे अरेतुरे. उठायचं त्यानं आणि अरेतुरे करायचं तिनं. आम्ही दोघं सोफ्यावर लोळून हसलो.

पण त्या मालिकेत दर दोन मिनिटांनी कुणीतरी वाकायचं. मंत्री वाकायचा, आचारी वाकायचा, बायका फुग्यातली हवा गेल्यासारख्या खाली बसायच्या. यशूला तेच आवडलं.

इकडं थंडीच्या शेवटी सोंगं घेऊन मिरवायचा सण असतो, फाशिंग. यशू राणी झाली. सुजाताची जरीची साडी खांद्यावरून मागं सोडलेली, डोक्यावर सोनेरी पुठ्ठ्याचा मुकुट, हातात राजदंड म्हणून काठी. वरच्या मजल्यावरच्या घरमालकीण, फ्राऊ केलर, केक घेऊन आल्या होत्या. यशू खुर्चीवर बसली आणि एकेकाला बोलावलं. केलरबाई या वयात गुडघा मोडून छान वाकल्या. मुलगा कमरेत वाकला. सुजाता हसत हसत वाकली. मग काठी माझ्याकडं वळली. "आजोबा, फेरबॉयगन!" वाका.

मी म्हणालो, "नाही."

तिला वाटलं मी चेष्टा करतोय. परत म्हणाली. मी परत नाही म्हणालो.

मुलगा कानाशी आला. "बाबा, पोरीचा खेळ आहे. वाका ना जरा."

"खेळात वाकलं की सवय लागते."

"लोक बसलेत घरात."

"बसू देत. मी उभा आहे."

सुजातानं मला वाट काढून दिली. पोर गुणाची आहे. म्हणाली, "बाबा, पाठ दुखतेय म्हणा. ती ऐकेल."

"पाठ ठणठणीत आहे," मी म्हणालो.

मुकुट काढून यशूनं माझ्या पायाशी फेकला. "डू बिस्ट गेमाइन!" म्हणजे तू दुष्ट आहेस. आणि खोलीचं दार आपटलं. केलरबाई केककडं बघत बसल्या.

त्यानंतर यशू माझ्याशी बोलेना. शाळेतून यायची, बूट काढायची, माझ्यासमोरून खोलीत जायची. मुलगा म्हणाला, "जाऊन सॉरी म्हणा, मिटेल." म्हटलं, चुकलो असतो तर म्हटलं असतं. पण घरात आवाज म्हणून राहिला नाही. परत पिंपरीला जावं असं मनात आलं. इथं राहून करायचं काय, भिंतीशी बोलायचं?

रविवारी मी एकटाच मालिका लावून बसलो. राणी आता म्हातारी झालेली. तिच्यापुढं हिंदुस्थानातून आणलेला एक पगडीवाला नोकर आला. माझ्यासारखाच काळासावळा. तो खाली बसला, आणखी खाली गेला आणि त्यानं राणीच्या बुटाला ओठ लावले. मी कधी उठलो मला कळलं नाही. टीव्हीवर ओरडलो, "ऊठ! अरे ऊठ की लेका!"

मागं यशू दारात उभी होती. "वारुम?" का?

तेव्हा सांगितलं. मराठीतच. तुझा पणजोबा रोज सकाळी पाटलाच्या दाराशी जायचा. लांब उभा राहायचा, कमरेत मोडायचा, मातीला हात लावायचा आणि म्हणायचा, "जोहार, मायबाप." मी तुझ्याएवढा, त्याच्या शेजारी. मलाही तो मानेला धरून वाकवायचा, कारण नाही वाकलो तर मार त्याला बसायचा.

तिनं विचारलं, पाटील राजा होता का. मी म्हटलं, "नाही गं, बुटका होता. घोरायचा."

मग दीक्षेचं सांगितलं. मला मिसरूड फुटत होतं. आम्ही बुद्धाला शरण गेलो, घरी आलो. दुसऱ्या दिवशी पाटील समोरून आला. बाप थांबला. वाकला नाही. सरळ उभा राहून म्हणाला, "जय भीम." घरी येऊन पाणी प्यायला आणि आईला म्हणाला, "आता वाकलो तर म्हातारपणानं वाकीन."

यशूनं टीव्ही बंद केला.

पुढच्या रविवारी मुकुटाला चिकटपट्टी लावून राणी परत खुर्चीवर बसली. केलरबाईंना खाली बोलावलं. त्या सवयीनं गुडघा मोडायला लागल्या, तर यशू ओरडली, "नाइन! गेराडे!" सरळ. मुलगा वाकला, त्यालाही दटावलं, "पापा, गेराडे!" मग राणी स्वतःच खुर्चीवरून उतरली, माझ्यासमोर ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "जय भीम, आजोबा." केलरबाईंनी तिचं ऐकून म्हटलं, "याय बीम." इकडं ज ला य म्हणतात. मी दुरुस्त केलं नाही. त्या सरळ उभ्या होत्या, तेवढं पुरे. मुलगा मात्र खिडकीकडं तोंड करून उभा राहिला. कितीतरी वर्षांत त्यानं तो शब्द परक्यासमोर उच्चारला नव्हता. मग वळला आणि म्हणाला, "जय भीम."

बबन, गावाकडं आपल्या घराचं दार इतकं ठेंगणं होतं की आत जातानाही वाकावं लागायचं. घर म्हटलं की मला अजून तेच दार दिसतं, आणि कपाळ चुकवायला मान आपोआप खाली जाते. इथली दारं उंच आहेत. परवा डॉक्टरनं पाठीवरून हात फिरवून सांगितलं, थोडा बाक आलाय. यशूनं चक्क मराठी करून सांगितलं. मी विचारलं, कशानं? तिनं डॉक्टरला विचारलं, माझ्याकडं वळली आणि म्हणाली, "म्हातारपणानं, आजोबा."

मी इतका हसलो की डॉक्टर घाबरला.