नुसते खिसे

माझे मालक लढाईत कामी आल्याची तार आली तेव्हा मी परड्यात गोवऱ्या थापत होते. मामंजींनी ती गुरुजींकडून वाचून घेतली, मग येऊन मला सांगितलं. मी उरलेलं शेण थापलं, हात धुतले आणि मगच घरात गेले. सासूबाई जमिनीवर पडून रडत होत्या. मी त्यांच्याजवळ बसले. मला रडू आलं नाही. पुढंही किती तरी दिवस आलं नाही.

शिपायांच्या विधवांसाठी साताऱ्यात सरकारनं शिवणाचा वर्ग काढला होता. मामंजी स्वतः जुने पलटणीतले. ते म्हणाले, "जा पोरी. हातात हुन्नर असला की कुणाच्या दारात उभं ऱ्हावं लागत न्हाई." कराडहून मोटारीत बसवून ते मला सोडून आले.

वर्गात सगळं खाकी होतं. पलटणीचे सदरे शिवायचे, आणि काम लवकर उरकावं म्हणून प्रत्येकीला एकच तुकडा नेमून दिलेला. कुणी कॉलर करी, कुणी बाही. मला छातीवरचा खिसा दिला, वर झाकण असलेला. शिकवणाऱ्या बाई साताऱ्याच्या होत्या, समजूतदार. मी एकदा म्हटलं, "बाई, मला बेतायलाबी शिकवा की." त्या म्हणाल्या, "अगं, कापड कापूनच येतं वरून. तू खिसा कर. तुझा हात सुरेख बसलाय." खरंच बसला होता. डोळे मिटून खिसा झाला असता. दिवसभर पाय मशीनवर हलत आणि डोक्यात काहीच नसे. मला ते बरं वाटे.

लढाई संपली. सदरे लागेनासे झाले आणि वर्गाला कुलूप लागलं. मशीनं कुठं तरी दुसरीकडं गेली. आम्ही आपापल्या गावी परतलो.

गावात मी सरकारी शाळेत शिवण शिकून आलेली. दोनच दिवसांत शेजारची काकू लेकीच्या चोळीचा खण घेऊन आली. मी तो उलगडला, पुन्हा घडी घातली.

"मला चोळी येत न्हाई."

"मग काय येतंय?"

"खिसा."

काकू हसली. "चोळीला खिसा कशाला गं?" खण उचलून ती गेली. तिचा रागही आला नाही.

मग मी कराडात एका शिंप्याकडे गेले. वयस्क माणूस, पेठेत दुकान. त्यानं चिंधीवर माझ्याकडून खिसा शिवून घेतला, उलटसुलट करून पाहिला. "बाई, खिसा लय झकास हाय. पर नुसता खिसा शिवायला माणूस ठेवण्याएवढं माझं दुकान मोठं न्हाई. सदरा येतो का?" मी नाही म्हटलं. शिकवाल का, असं विचारायचा धीर झाला नाही.

मालकांची ट्रंक पलटणीकडून आली होती. ती कुणी उघडत नव्हतं. एका दुपारी मी ती उघडली, त्यांचा सदरा काढला आणि ओसरीवर बसून उसवायला घेतला. आधी बाही, मग खांदा. कुठला तुकडा कुठं जोडलाय, किती कापड आत दुमडलंय, ते बघत होते. सासूबाई कधी येऊन उभ्या राहिल्या ते कळलं नाही.

"काय करतियास गं?"

"शिकतीया."

"त्येचा हाय त्यो."

"व्हय."

मला वाटलं आता ओढून घेतील. पण त्या समोर बसल्या आणि सदऱ्याचं दुसरं टोक दोन्ही हातांनी ताणून धरलं. "उसव," म्हणाल्या. आम्ही कॉलरीपर्यंत आलो तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी टाके कापत राहिले.

ते तुकडे मी घोंगड्यावर मांडले. त्यावरून मामंजींचं जुनं धोतर बेतलं, आणि मशीन नव्हतं म्हणून सुईनं सदरा शिवला. मामंजींनी तो अंगात घातला, हात वर केले. "काखंत धरतंय. पर चालंल." दुसरा सदरा काखेत धरला नाही. तो घेऊन मी पुन्हा कराडला गेले. शिंप्यानं तो आतून बाहेरून तपासला.

"कुणी शिकवलं?"

"घरीच."

त्यानं सदऱ्याची घडी घातली. "उद्यापास्नं या," म्हणाला.

पहिल्यांदा काज-बटणं, मग सदरे. पुढं पाचगणीच्या शाळांचे गणवेश त्याच्याकडं येऊ लागले, ते मीच बेतत असे. त्या दुकानात मी म्हातारी झाले. शिंप्याच्या पश्चात त्याच्या मुलांनीही मला ठेवून घेतलं. लोक म्हणत, बाईनं नशीब काढलं. मी मान हलवत असे.

मालकांचा तो सदरा परत जोडला नाही. तुकड्यांवरून बेतता बेतता त्यांच्या कडा झिजल्या, मग सासूबाईंनी ते धुऊन एका वाकळेत घातले. थंडीत ती वाकळ त्या स्वतःच पांघरत.