जोडकार्डावरचे दिनूकाका

दिनूकाका गेल्याचं मला टपालाने कळलं, आणि तेही मीच पाठवलेल्या जोडकार्डावर, म्हणजे उत्तराचं कार्ड जोडलेल्या पोस्टकार्डावर. उत्तराच्या कार्डावर 'मरीज जीवित है' आणि 'जीवित नहीं है' असे दोन छापील पर्याय असतात. या वेळी खूण दुसऱ्यावर होती, काकूंच्या हाताची, आणि खाली तारीख. तेरावाही उलटून गेला होता. संकठा घाटाजवळचं त्यांचं घर माझ्या प्रयोगशाळेपासून रिक्षाने अर्ध्या तासावर... आणि मी तिथे तीन वर्षं गेले नव्हते.

दिनूकाका माझ्या बाबांचे बँकेतले मित्र. बोलघेवडे आणि पक्के खवय्ये. बाबा गेल्यावर माझ्या शिक्षणाच्या पाठीशी तेच उभे राहिले. घरी येताना हातात कचोरीचा द्रोण असायचाच. "अगं वसू, पहिले खाऊन घे, पढाई कुठे पळून नाही जात," म्हणायचे. अशा माणसाचा घास एकाएकी छातीत अडकू लागला. अन्ननलिकेचा कर्करोग निघाला, शस्त्रक्रिया झाली, आणि काढलेल्या गाठीचा तुकडा आमच्याकडेच आला. पी-५३ नावाचं प्रथिन गाठीतल्या पेशींत साचलं असेल तर रोगी कमी जगतो का, हे आम्ही तपासत होतो. काचपट्टीवर नुसता क्रमांक असे, पण क्रमांक घालणारी मीच. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर पेशीमागून पेशी गडद तपकिरी, म्हणजे प्रथिन साचलेलं. आमच्या अंदाजाने काका वर्षही काढणार नव्हते. ज्या अंदाजाची अजून खात्री व्हायची होती, तो मी ब्रह्मवाक्य मानला. त्यांच्यासमोर बसून हसायचं कसं, या भीतीने आज जाते, उद्या जाते करत राहिले. खरं सांगायचं तर मनातल्या मनात मी त्यांना पोहोचवून आले होते.

आणि काका जगले. वर्ष उलटलं तशी माझ्या भीतीची जागा लाजेने घेतली... आता कोणत्या तोंडाने जायचं? कोण अजून जगतंय हे नोंदवायला दर तीन महिन्यांनी सगळ्या रोग्यांना कार्ड जाई, तसं त्यांनाही. खूण करून झाली की खालच्या कोऱ्या जागेत काका मराठीत काहीतरी लिहीत. 'मूगडाळीची खिचडी गिळली.' 'यंदा मलइयो मस्त उतरली.' थंडीत मिळणारा तो दुधाचा गोड फेस त्यांना फार प्रिय. एकदा लिहिलं, 'कार्डाऐवजी एकदा तूच ये.' वाचलं नाही असं म्हणायची सोय नाही. वाचलं, त्यावर लाल पेन्सिलीने शेरा मारला, नोंदवहीत तीन महिने वाढवले आणि कार्ड फायलीला लावलं. इतकी कोडगी मी कधी झाले, माझं मलाच कळलं नाही.

काकूंच्या खुणेचं कार्ड मिळालं त्याच दिवशी मी त्यांच्या घरी गेले. काकूंनी आधी पाणी दिलं, मग चहा. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुझं कार्ड आलं की अख्ख्या गल्लीला दाखवायचे," त्या म्हणाल्या. "'बघा, आमच्या वसूला किती फिकीर आहे.' दिवसभर खुश राहायचे."

ती कार्डं सगळ्यांनाच जातात, हे सांगायला माझी जीभ रेटेना.

"आता नाही ना यायचं कार्ड?"

मी नाही अशी मान हलवली. काकूंनी माझा रिकामा कप उचलला.

"मग माझ्या नावाने पाठवत जा," म्हणाल्या. "मी पण तर जीवित आहे."