ट्रॅक्टर मापून देणारे अप्पा

आमच्या एजन्सीत ट्रॅक्टर घ्यायला आलेल्या माणसाला अप्पा आधी ट्रॅक्टर दाखवतच नसत. मोठ्या काचेमागे लालभडक यंत्र उभं असायचं, गिऱ्हाइकाची नजर सारखी तिकडे जायची, आणि अप्पा मात्र त्याला बाकावर बसवून माठातलं पाणी देत आणि विचारत, “घराचं फाटक केवढं हाय?” गिऱ्हाईक गोंधळायचं. मग पुढचे प्रश्न यायचे. बांधापासून पहिलं झाड किती पावलांवर? झाडांच्या दोन ओळींत अंतर किती? वळायला जागा कुटं? पावसाळ्यात कुटल्या छपराखाली उभा करणार? आणि सगळ्यांत शेवटी, अगदी सहज आठवल्यासारखं, “चालवणार कोण?”

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. मी टायपिंगची परीक्षा पास होऊन नुकतीच होटगी रस्त्यावरच्या त्या एजन्सीत लागले होते. सबंध जागेत बाई म्हणून मी एकटीच. माझं टेबल अगदी दारासमोर मांडलेलं होतं. पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत अप्पांनी ते उचलून आतल्या खिडकीपाशी नेलं. “तितं येताजाता समदे तुमच्याकडंच बघत्यात, अक्का. हितं उजेडबी हाय,” एवढंच म्हणाले आणि हात झटकून गेले. त्यांच्या निम्म्या वयाच्या मला ते ‘अक्का’ का म्हणत, हे मी कधी विचारलं नाही. पण त्यामुळे बाकीचेही मला तसंच म्हणू लागले, आणि त्या पुरुषांच्या जागेत मला बसणं सोपं झालं.

कागदोपत्री ते डेमॉन्स्ट्रेटर होते, म्हणजे विकलेला ट्रॅक्टर गिऱ्हाइकाच्या शेतात नेऊन चालवून दाखवायचा आणि चालवायला शिकवायचं. धोतर, पूर्ण बाह्यांचा पांढरा सदरा, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आणि नखांत कायमचं बसलेलं काळं तेल. गाव अक्कलकोटच्या पलीकडचं, कानडी सीमेवरचं. विक्रीचं काम त्यांचं नव्हतंच, पण गिऱ्हाईक आत आलं की मालकांच्या केबिनकडे जायच्या आधी अप्पांच्या बाकावर बसायचं, ही रीतच पडून गेली होती.

अप्पा लहानच ट्रॅक्टर घ्यायला लावतात, असं मालकांचं म्हणणं होतं. ते खरं नव्हतं. भीमाकाठचे एक पाटील लहान ट्रॅक्टर घ्यायचं नक्की करून आले होते. अप्पांनी विचारलं, “ऊस कुटून रस्त्याला लागतो?” पाटील म्हणाले, नदीकडून वर चढ आहे. अप्पा हसले. “मग ह्यो अठरा हॉर्सपॉवरचा न्हेऊ नका. भरली ट्रॉली जोडली की ट्रॅक्टर चढावर बसंल आन् तुमी मागनं ढकलत ऱ्हाशाल.” पाटलांनी पस्तीसचा घेतला. “मोठा का बारका ते आपुन न्हाय ठरवायचं,” अप्पा मला नंतर म्हणाले. “जागा सांगती, आन् बसणारा सांगतो.”

मोडनिंबचे मास्तर आले तो दिवस मला स्वच्छ आठवतो. शाळेतून निवृत्त झालेले, गावाबाहेर मळ्यात घर बांधून राहणारे. घराभोवती चार एकर बोरी आणि पेरू, पलीकडे दोन एकर काळं रान. त्यांच्या धाकट्या भावाने आदल्या वर्षी पस्तीसचा ट्रॅक्टर घेतला होता, म्हणून यांनाही तसलाच हवा होता. तेव्हा ट्रॅक्टरसाठी नंबर लावून थांबावं लागे, पण नेमका एकाचा नंबर रद्द झाल्यामुळे पस्तीसचा एक ट्रॅक्टर दारात तयार होता. मालक खुशीत होते. अप्पांनी आपले प्रश्न सुरू केले आणि शेवटी विचारलं, “चालवणार कोण?”

“गडी आहे,” मास्तर म्हणाले.

“आन् गडी आला न्हाय तर?”

मुलं पुण्याला नोकरीत होती आणि मास्तरांच्या डाव्या डोळ्याला दिसत नव्हतं. तेवढ्यात दारापाशी पिशवी धरून उभ्या असलेल्या मास्तरीणबाई म्हणाल्या, “मी चालवीन की.”

केबिनमधून हसण्याचा आवाज आला. मास्तरही ओशाळून हसले. अप्पा हसले नाहीत. ते उठले, पस्तीसच्या ट्रॅक्टरपाशी गेले आणि म्हणाले, “या वैनी, बसून बघा.” बाई ठेंगण्या. पदर खोचून वर चढल्या. अप्पा खाली वाकून त्यांचा पाय क्लचवर कसा पडतो ते बघत राहिले. “पाय पोचतोय, पर पाठ शीटवरनं सुटतीया,” ते म्हणाले. “अशानं दिवसभर न्हाय व्हायचं. अठराचा बगा. चार म्हैने थांबावं लागंल.”

मालकांनी अप्पांना केबिनमध्ये बोलावलं. दार बंद होतं, तरी मला सगळं ऐकू येत होतं. दारातला ट्रॅक्टर सोडून गिऱ्हाइकाला चार महिने थांबायला सांगणारा माणूस त्यांनी आजवर पाहिला नव्हता. मास्तर मात्र थांबले. खरं तर बाईंनीच त्यांना थांबवलं.

चार महिन्यांनी अठराचा आला. अप्पा मोडनिंबला तीन दिवस राहून बाईंना शिकवून आले, आणि काळं रान बघून त्यालाही हा पुरेल असं मास्तरांना सांगून आले. परत आले ते खुलून. पेरूच्या दोन ओळींतून बाईंनी ट्रॅक्टर कसा नेला, एक फांदीसुद्धा कशी मोडली नाही, गावातल्या बायका बांधावर येऊन कशा बसल्या, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. एरवी अप्पा एक गोष्ट दोनदा सांगत नसत. येताना बाईंनी माझ्यासाठी पिशवीभर बोरं पाठवली होती.

पुढच्या उन्हाळ्यात मास्तरांचं पत्र आलं. पत्रं मीच उघडायची, म्हणून ते मी आधी वाचलं. काळ्या रानात हरळी माजली होती. ती मुळापासून काढायला बाईंनी खोल नांगर लावला. नांगर खाली अडकला, ट्रॅक्टर ओढ घेत राहिला आणि पुढची चाकं हातभर वर उठली. बाईंनी क्लच दाबला म्हणून ती खाली आली. नाहीतर ट्रॅक्टर मागे उलटला असता आणि बाई त्याच्याखाली. पत्रात राग नव्हता. ‘काळ्या रानालाही हा पुरेल असे अप्पांनी सांगितले होते, म्हणून कळवीत आहे,’ एवढंच शेवटी लिहिलं होतं.

मी पत्र अप्पांना दिलं. वाचता वाचता ते बाकावर बसले. “वरनं माती बगितली मी,” ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. “खाली उकरून बगितलीच न्हाय.”

मालकांनी मला उत्तर टाइप करायला सांगितलं. ‘सदर प्रकार चालवणाऱ्या बाईंच्या अननुभवामुळे घडला असून त्यास एजन्सी जबाबदार नाही.’ सही डेमॉन्स्ट्रेटर म्हणून अप्पांनी करायची होती. मी कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो नीट वाचला, घडी न घालता मला परत दिला आणि म्हणाले, “अक्का, दुसरा कागद लावा.” मग उभ्या उभ्या सांगितलं, “लिवा. रान बगण्यात माझी चूक झाली. वैनींनी क्लच टायमाला दाबला, त्यांची काय चूक न्हाय.”

मी त्यांची वाक्यं नीट मराठीत बसवली आणि टाइप केली. त्यांनी सही केली. पत्र पोस्टात टाकलं नाही. “हे काय पोस्टानं सांगायचं न्हाय,” म्हणाले, आणि रविवारी सकाळच्या एस.टी.ने निघाले. वडिलांना विचारून मीही बरोबर गेले. टाइप मी केलं होतं, आणि त्या बाईंना पुन्हा एकदा भेटावंसं वाटत होतं.

मास्तरांच्या मळ्यात पोचल्यावर अप्पा घरात गेलेच नाहीत. चपला बांधावर काढून थेट काळ्या रानात उतरले, कुदळ मागून घेतली आणि उकरायला लागले. वीतभर खालीच हरळीच्या मुळ्यांचं दोरखंडासारखं जाळं होतं. मास्तरांचा धाकटा भाऊ बांधावर उभा राहून बघत होता. “काय अप्पा, खेळणं दिलंत की आमच्या दादाला!” तो म्हणाला.

अप्पा सरळ उभे राहिले. घाम डोळ्यांत उतरत होता. “चुकलं माझं,” ते सगळ्यांसमोर म्हणाले. “वैनींच्या जिवावर बेतलं हुतं.” आणि खिशातलं पत्र काढून त्यांनी मास्तरांच्या हातात दिलं.

मास्तर वाचत असताना बाई पुढे आल्या. मला वाटलं, आता त्या रागावतील. पण त्यांचा चेहरा घाबरलेला होता. “म्हंजे ट्रॅक्टर परत न्हेणार का तुमी?” त्यांनी विचारलं. “नका न्हेऊ, अप्पा. झाडांत लई चांगला चालतोय. मी आता कुणाची वाट बगत न्हाय, सकाळी उठून माझी मी जाती.”

अप्पांनी कुदळ खाली ठेवली. मग म्हणाले, “कोण न्हेतंय? झाडं तुमचीच, ट्रॅक्टरबी तुमचाच. फकस्त ह्या दोन एकरात खोल नांगर लावायचा न्हाय.” आणि भावाकडे वळून त्यांनी विचारलं, “तुमचा पस्तीसचा वर्साकाठी एक दिवस हितं फिरवाल का?”

“आन् मला त्यात काय?”

“तुमच्या पेरूच्या बागेत तुमचा ट्रॅक्टर शिरतो का?”

शिरत नव्हता. मागच्या वर्षी दोन ओळींतल्या फांद्या मोडल्या होत्या, हे गावभर माहीत होतं. त्याने टोपी काढून डोकं खाजवलं आणि बाईंना विचारलं, “वैनी, याल का आमच्या बागेत?”

“येईन की,” बाई म्हणाल्या, “पर फांद्या तू आधी छाटून ठेव.” मास्तर मोठ्याने हसले. मग आम्ही जेवलो. शेंगांची चटणी, भाकरी, दही. अप्पा मात्र अर्ध्या भाकरीवर उठले.

सोमवारी मालकांनी त्यांना बोलावलं. एजन्सीच्या कागदावर चूक कबूल करायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला, असं विचारलं. “कुणी न्हाय दिला,” अप्पा म्हणाले. टाइप कुणी केलं, हेही मालकांनी विचारलं. “अक्कांना मीच लावलं. त्यांना काय म्हाईत न्हवतं.” मी खिडकीपाशी बसून हे ऐकत होते. मला सगळं माहीत होतं. उठून आत जावं आणि तसं सांगावं, असं मला वाटलं. पण घरी माझ्या पगाराची गरज होती, आणि मी उठले नाही. त्याबद्दल अप्पा मला कधी एका शब्दाने बोलले नाहीत. मला मात्र ते बसून राहणं अजून आठवतं.

मालक वाईट माणूस नव्हते. त्यांनी अप्पांना काढलं नाही, सुट्या भागांच्या काउंटरवर बसवलं आणि गिऱ्हाइकाशी सल्लामसलत करायची नाही असं बजावलं. महिनाभर अप्पा तिथे नटबोल्ट मोजत बसले. लोक आत यायचे, बाक रिकामा बघायचे, काउंटरकडे वळायचे, आणि अप्पा मान खाली घालून म्हणायचे, “केबिनमदी इचारा.” एका शनिवारी त्यांनी रॉकेलने हात धुतले, नखं घासघासून स्वच्छ केली आणि माझ्या टेबलापाशी आले. “अक्का, इंग्रजी टायपिंगचीबी परीक्षा द्या. हितंच अडकू नका,” म्हणाले, आणि नोकरी सोडून कायमचे गावी गेले. ती परीक्षा मी दिली, आणि पुढची सगळी नोकरी तिच्याच जोरावर केली.

दोन वर्षांनी त्यांच्या मुलीचं पोस्टकार्ड आलं. आठ दिवसांच्या तापात अप्पा गेले होते. माझा पत्ता त्यांच्या वहीत सापडला, असं तिने लिहिलं होतं. मी दोन एस.टी. बदलून त्यांच्या गावी गेले. मुलगी दारातच बसली होती. माझ्याएवढीच, तसेच शांत डोळे. अंगणात पाहिलं, गोठ्यात पाहिलं. ट्रॅक्टर कुठेच नव्हता.

“अप्पांनी स्वतःला कधी घेतलाच नाही का?” मी विचारलं.

ती रडता रडता हसली. “मीबी इचारलं हुतं. म्हणाले, तीन एकर हाय, त्यातला एक खडक. बैलाचं काम हाय ते.”

ती मला रान दाखवायला घेऊन गेली. मोहोळकडचा एक नवा गडी नांगर धरून उभा होता. जुंपल्यावर अर्ध्या तासातच बैल थांबले होते, आणि तो ओरडत होता, शेपट्या पिरगाळत होता, तरी ते हलत नव्हते. “रोजचंच हाय हे,” मुलगी म्हणाली. “अप्पा त्येंच्याशी कानडीतनं बोलायचे. ह्याला येत न्हाय.” ती रानात उतरली, एका बैलाच्या मानेवर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, “नडी, नडी.” चल, चल. बैलांनी माना खाली घातल्या आणि नांगर पुढे सरकला.

आम्ही बांधावर उभ्या राहिलो. गडी पलीकडच्या टोकाला गेला, वळला, आणि परत येताना मध्यावर बैल पुन्हा थांबले. त्याने आसूड उचलला, आमच्याकडे पाहिलं आणि तो खाली घेतला. मग लाजत लाजत, उच्चार चुकवत, तो बैलांना म्हणाला, “नडी.”

बैल चालू लागले.