काळ्या मातीची दोन पोती

आमच्या घरात एका संत्र्याच्या कलमाला तीन माणसं एकमेकांच्या नकळत पाणी घालत होती आणि ते कलम सुकत चाललं होतं. हे उघडकीला आलं तेव्हा मला आधी हसू आलं आणि लगेच घाम फुटला. माझे सासरे, म्हणजे मामाजी, आमच्याकडे राहणार की गावी परत जाणार, हे त्या कलमावर ठरायचं होतं.

मामाजी अमरावतीकडचे. शाळामास्तरकी केली, सोबत चाळीस झाडांचा संत्र्याचा बगीचा सांभाळला. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, गेल्यावर तिथं एकटेच राहत होते. मागच्या उन्हाळ्यात विहिरीजवळ पाय घसरून पडले आणि शेजाऱ्याचं लक्ष जाईपर्यंत दुपारभर तिथंच पडून राहिले. मग मात्र माझे मिस्टर जाऊन त्यांना इथं रायपूरला, समता कॉलनीत घेऊन आले. सोबत एक कलम आणि बगीच्यातल्या काळ्या मातीची दोन पोती आली. आमच्या अंगणातली लाल, खड्यांची जमीन त्यांनी आधी एकदा पाहिली होती, आणि तिला माती म्हणायला ते तयारच नव्हते.

"हा त मुरूम आहे. रस्त्यावर टाकाचा. याच्यात झाड कोणी लावते का?"

गणपती उठल्यावर मिस्टरांनी लोखंडी सब्बलने दीड हात खोल खड्डा खणला. मुरुमाचा एक खडा आत राहू नये म्हणून मामाजींनी वाकून सगळ्या कडा स्वतः झाडून घेतल्या. दोन्ही पोती त्यात रिकामी झाली, कलम लागलं. हात झटकत ते मला म्हणाले, "हे लागलं त मी राहीन, सुनबाई. नाही त मले गाडीत बसवून द्या. मंग कोणी काही बोलाचं नाही."

त्यांची कपड्यांची पिशवी खाटेच्या उशाशी कायम भरलेली असायची. धुतलेला सदरा घडी करून पुन्हा तिच्यातच जायचा. मी कपाटात त्यांच्यासाठी मोकळा केलेला कप्पा तसाच पडून होता. मला त्या पिशवीचा फार राग यायचा. इतकं करूनही माणूस पाहुण्यासारखा राहतो म्हणजे काय? पण ते विहिरीजवळ पडल्याचं आठवलं की राग बाजूला राहायचा.

दसऱ्याच्या सुमारास कलमाची पानं दुपारी लुळी पडायला लागली. वरची माती दुपारपर्यंत वाळून तडकायची. काळी माती तडकली म्हणजे तहानली, हे आमच्या विदर्भातलं लहान पोरही सांगेल. मामाजी पहाटे तांब्याभर पाणी घालत. ते अंघोळीला गेले की मी बादली नेऊन ओतायची. मिस्टर संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर गाडी धुताना पाइप तिकडे वळवत. एका रविवारी आमच्या मुलीनेच आम्हाला उघडं पाडलं. ती मराठी ऐकते, उत्तर हिंदीत देते. "मम्मी, उसको और कितना नहलाओगे? सुबह दादाजी, फिर आप, शाम को पापा."

मी तशीच गाडी काढून नर्सरीत गेले आणि तिथल्या दीदीला मागे बसवून घरी आणलं. जवळच्याच गावची बाई, आयुष्य रोपांत गेलेलं. तिने खुरपीने कडेची माती उकरली. वरचा दोन बोटांचा थर उन्हाने कोरडा ठणठणीत, आणि त्याखाली चिखल. वास असा की मी पदर नाकाला लावला. तिने एक गोळा मुठीत घेऊन पिळला. तो नुसता दबला, थेंबभरही पाणी सुटलं नाही.

"पानी तो भरे हे, दीदी. फेर जर ह पी नइ सकत हे," ती म्हणाली. पाणी भरलंय, पण मुळाला पिता येत नाही. मग मामाजींकडे वळून म्हणाली, "बबा, तुंहर माटी बने हे. फेर गड्ढा ह बटकी बन गे हे."

माती चांगली आहे, पण खड्ड्याची बटकी झालीय. बटकी म्हणजे इकडे बासी, पाण्यात भिजवलेला शिळा भात, खातात तो खोल वाडगा. तिने हातवारे करून समजावलं तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. काळ्या मातीचे कण इतके बारीक, की त्यांच्यातलं पाणी ती खालच्या भरड मुरुमाला देतच नाही. काठोकाठ भरेपर्यंत धरून ठेवते. मोकळ्या जागा सगळ्या पाण्याने भरल्या की हवेला जागा उरत नाही, आणि गुदमरलेलं मूळ पाण्यात उभं राहूनही तहानलेलं राहतं. गावी त्या मातीची जाडी पुरुषभर, पाण्याला खाली जायला वाट होती. इथं आम्ही तिला वाडग्यात बसवलं होतं, वर तिघं मिळून ओतत होतो.

तिचा उपाय सोपा होता. खड्ड्याच्या कडा आणि तळ फोडायचा, काळ्या मातीत हाच मुरूम आणि धानाचं जुनं तूस मिसळायचं, आणि आठ दिवस पाणी बंद.

मुरूम मिसळायचं ऐकून मामाजी घराकडे बघायला लागले. मला वाटलं, आता पिशवी उचलतात. तेवढ्यात दीदीने कलमाच्या खोडावर नख मारलं. साल आतून हिरवी होती, म्हणजे झाड जिवंत होतं. ते पाहून त्यांनी कपाळावर हात मारला.

"चाळीस झाडायले मी दरसाल ताण देत होतो. बहार धराचा म्हणून पाणी तोडाचो. लोकायलेही सांगाचो. अन् हे एकच राह्यलं त मलेच भेव वाटून राह्यलं होतं." मी डोळे पुसले, उगाच कशाला लपवू.

मग त्यांनाच घाई झाली. तूस नर्सरीतून आणायचं होतं आणि घरात रिकामं पोतं सापडेना. दोन्ही पोत्यांची मी कधीच पायपुसणी केली होती. मामाजी आत गेले, पिशवीतले कपडे खाटेवर ओतले आणि रिकामी पिशवी घेऊन गाडीवर मिस्टरांच्या मागे बसले. ते वळणापलीकडे जाताच मी सगळे सदरे त्या कप्प्यात लावून टाकले. जराही वेळ दवडला नाही.

कालवलेल्या मातीवर दीदीने तांब्याभर पाणी ओतून दाखवलं. ते डबकं न करता खाली गेलं, आणि मूठभर माती उचलली तर ती ओलसर असूनही बोटांतून भुरभुर सुटली. आठ दिवस आम्ही तिघांनी एकमेकांवर पहारा ठेवला.

पानं बरीच गळली. पण दिवाळी झाल्यावर एका सकाळी शेंड्याला पोपटी रंगाची दोन पानं दिसली, नखाएवढी. मी धावत सांगायला गेले तर मामाजी आधीच अंगणात, अर्धी पिशवी उरलेल्या तुसावर हात ठेवून बसलेले. माझा जीव इतका भांड्यात पडला की चेष्टा सुचली.

"मामाजी, मंग केव्हा बसवून देऊ गाडीत?"

त्यांनी माझ्याकडे न बघता पिशवीची गाठ मारली. "कसा जाऊ? पिशवीत तूस आहे," ते म्हणाले, "अन् बाजूले लिंबू लावाचं आहे, त्याचा खड्डा अजून खणाचा आहे."