सत्काराच्या सह्या

आमच्या गाळ्यात बाराजणी बायका आणि एक पुरुष. पुरुष म्हणजे मास्तर. शाळेतले मास्तर नव्हेत, मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे, मालवणकडचे. पण आम्हां बाराजणींना सोल्डरिंग त्यांनी शिकवलं, म्हणून मास्तर. शिकवायचे तेही चार हात लांब उभं राहून, पेन्सिलीने दाखवत. इतका लाजरा मालक मी दुसरा पाहिला नाही.

गाळा अंधेरी पूर्वेला, महाकाली लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर. एका बाजूच्या गाळ्यात बटणं बनायची, दुसऱ्या बाजूला बॉलपेनच्या कांड्या, आणि मधे आम्ही काय बनवायचो, तर व्हिडिओ गेम. रंगीत टीव्ही घरोघरी यायला लागले त्या सुमाराची ही गोष्ट. स्टेशनांबाहेर पार्लरं निघाली होती. नाणं टाकायचं, दांडीची मूठ धरायची आणि पडद्यावर खेळायचं. ती उभी मशिनं आम्ही जोडायचो. लाकडी, पुरुषभर उंच, समोर काच. आम्ही त्यांना कपाटच म्हणायचो. आज किती कपाटं गेली गं, असं.

बहुतेक कपाटांत परदेशी खेळांच्या नकला असायच्या. मास्तरांनी मात्र स्वतःच्या डोक्याने एक खेळ केला होता, होडीचा. खडकांमधून होडी काढायची, मासळी गोळा करायची आणि वादळाच्या आत बंदराला लागायचं. आमच्यात एक वेसाव्याची कोळीण होती. तिने पहिल्यांदा पडद्यावर ती होडी बघितली आणि म्हणाली, ‘‘मास्तर, ही मागच्या तोंडानं चाललीय.’’ मास्तर तीन दिवस कुणाशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी होडी सरळ चालायला लागली.

त्यांचा एक नियम होता. कपाट गाळ्याबाहेर जायच्या आधी आमच्यातल्या एकीने त्यावर तासभर खेळायचं. मूठ अडकते का, चित्र हलतं का, ते तेव्हाच कळतं. आणि आता सांगायला काय हरकत आहे, त्या खेळात माझा हात धरणारी कुणी नव्हती. अडतीस वर्षांची बाई मी, पदर खोचून होडी हाकत उभी. घरी आमच्या ह्यांना सांगितलं होतं, टेस्टिंगचं काम आहे. खोटं नव्हतंच ते.

आता जरा कागदांचं सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. कंपनी लिमिटेड करायची म्हणून कागदावर माणसं दाखवायला लागत होती, तेव्हा मास्तरांनी आम्हां बाराजणींची नावं घातली. प्रत्येकीला हिरव्या नक्षीच्या काठाचा एक शेअरचा कागद दिला. आम्ही तो रेशनकार्डाशेजारी ट्रंकेत ठेवला. वर्षातून एकदा गाळ्यातच सभा व्हायची. मास्तर काहीतरी इंग्रजीत वाचायचे, आम्ही हात वर करायचो आणि बटाटवडे खायचो. कंपनीचे निम्म्याहून थोडे कमी शेअर मास्तरांकडे होते, तेवढेच त्यांच्या जुन्या भागीदाराकडे, आणि मधला चिमूटभर वाटा आमचा. चिमूटभरच, पण तो ज्याच्या पारड्यात पडेल त्याची कंपनी. हे आमच्यापैकी एकीलाही ठाऊक नव्हतं. ज्याला ठाऊक होतं तो माणूस आमच्याकडून कपाटं विकत घ्यायचा.

आम्ही त्यांना शेठ म्हणायचो. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड, सगळीकडे त्यांची पार्लरं. त्यांना आमची अख्खी कंपनीच हवी होती. मास्तरांना त्यांनी दोनदा विचारलं आणि मास्तरांनी दोनदा नाही म्हटलं, ते त्यांच्या टेबलापुढच्या लाकडी पडद्याच्या अलीकडे आम्हांला ऐकू आलं होतं. मग त्यांनी गुपचूप जुन्या भागीदाराचे शेअर घेतले. ते मात्र आम्हांला नंतर कळलं.

शेठ दिसायला, बोलायला वाईट नव्हते. मी कपाटावर खेळत असले की मागे येऊन उभे राहायचे. एकदा म्हणाले, ‘‘ताई, तुम्ही बोरिवलीच्या पार्लरात आलात ना, तर पोरं घरी जाऊन अभ्यासाला बसतील.’’ सगळ्या हसल्या. मला ते दिवसभर गोड लागत राहिलं. माझ्या हाताच्या चवीचं कौतुक घरात व्हायचं, पण नुसत्या हाताचं कौतुक तोवर कुणी केलं नव्हतं.

संक्रांतीच्या आधी एक दिवस मास्तर सुटे भाग आणायला गेले असताना शेठ आले आणि मला बाजूला घेऊन बोलले. मास्तरांचा सत्कार करायचा आहे म्हणाले. शाल, श्रीफळ, मानपत्र, सगळं पाडव्याला. पण कंपनीचं काम आहे, सगळ्या शेअरवाल्यांची संमती लागते. त्याआधी एक कागदोपत्री सभा होईल, तिला बायकांनी यायची गरज नाही, सहीने काम भागतं. मास्तरांना कळू द्यायचं नाही, नाहीतर तो लाजरा माणूस सत्कार होऊच देणार नाही. हे शेवटचं इतकं खरं होतं, की त्याच्या आधीचंही मला खरं वाटलं. कागदांबरोबर त्यांनी वाणाला म्हणून बारा स्टीलच्या वाट्याही पाठवल्या.

सत्काराच्या कागदाला रेव्हेन्यू स्टँप कशाला लागतो, हे माझ्या मनात आलं होतं. आलं होतं, हे आज लिहून ठेवते. पण वाट्या छान होत्या, आणि शेठने बाराजणींतून मला निवडलं होतं.

जोगेश्वरीच्या माझ्या खोलीत हळदीकुंकू केलं. अकराजणी आल्या. कुंकू लावलं, तीळगूळ दिला, अत्तर लावलं, वाटी हातात ठेवली आणि मग कागद पुढे केला. हातात वाण असलेली बाई त्या घरात नाही म्हणत नाही हो. दोघी अंगठेवाल्या होत्या, त्यांना मी कुंकवाच्याच करंड्यावर बोट ठेवायला लावणार होते, पण शाईचा पॅड शेजारणीकडे मिळाला. वाकोल्याची माझी मैत्रीण, गाळ्यात माझ्या डाव्या हाताला बसायची, तिने तेवढं विचारलं, ‘‘कसला गं कागद?’’

‘‘मास्तरांच्या सत्काराचा.’’

‘‘मग दोन दे ना, दोन करते.’’

रथसप्तमीनंतर सभेची नोटीस घरोघरी टपालाने आली, इंग्रजीत. रविवारी सकाळी दहा वाजता, जवळच्या शाळेच्या हॉलमध्ये. मास्तर एकदाच म्हणाले, भिंतीकडे बघत, की रविवारी सभा आसा, सगळ्यांनी येवा. कशाची सभा ते त्यांनी सांगितलं नाही. मला काढायला निघालेत, मला वाचवा, असं बायकांपुढे म्हणणं त्यांच्या जिभेला जमणारं नव्हतं. बायका एकमेकींकडे बघून हसल्या. त्यांना वाटलं, बिचाऱ्यांना पाडव्याचं अजून कळलेलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी माझी मुलगी कॉलेजातून आली. कॉमर्सला होती. शेठने दिलेल्यातला एक जादा कागद कोऱ्याचा कोरा डब्याखाली पडला होता. तिने तो वाचला, मग नोटीस वाचली, मग परत कागद.

‘‘आई, हे सत्काराचं नाहीये. रविवारी मास्तरांना कंपनीतून काढायचा ठराव आहे. आणि यात लिहिलंय, की तुझं मत शेठचा माणूस देईल. तू सही केलीस?’’

मी केली म्हटलं.

‘‘सगळ्यांनी?’’

मी गॅस बारीक करायला गेले. ती मागून म्हणाली, की अजून बिघडलेलं नाही. जी बाई स्वतः सभेला हजर राहून मत देईल, तिचा कागद बाद होतो. ‘‘उद्या कामावर सगळ्यांना सांग. एवढंच करायचंय तुला.’’

एवढंच.

शनिवारी सकाळी मी वेळेच्या आधी गाळ्यात गेले. वाटेत वाक्यं जुळवली होती. आम्ही बाराजणी एका लांब टेबलाभोवती बसायचो, हात लांब केला की शेजारणीच्या डब्यापर्यंत पोचायचा. मास्तर टोकाला, पडद्यापलीकडे. बोलले असते तर त्यांनाही ऐकू गेलं असतं. पहिला तास असा गेला, की सगळ्या येऊ देत. दुसरा असा, की मास्तर जरा बाहेर जाऊ देत. ते त्या दिवशी एकदाही बाहेर गेले नाहीत. राळेचा धूर, तारा, दिवसभर तेच ते सोल्डरचे डाग, आणि माझ्या तोंडात एकच वाक्य, की मी तुम्हांला फसवलंय. मला माहीत नव्हतं, हे पुढचं वाक्य जोडलं की ते खोटं वाटायचं, कारण तो स्टँप आठवायचा. माझ्या घरात, कुंकू लावून, वाटी देऊन घेतलेल्या सह्या. त्या बायका काय म्हणतील यापेक्षा कशा बघतील, याची मला भीती वाटत होती.

जेवणाच्या सुट्टीत वाकोल्याचीनेच विषय काढला. तिचा रविवार म्हणजे पाणी भरणं आणि नवऱ्याला मटण. डबा पुसत म्हणाली, ‘‘मास्तर काल येवा म्हणाले. उद्या जायला हवंय का गं?’’

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. यापेक्षा उघडं दार देवानेसुद्धा दिलं नसतं.

मी म्हटलं, ‘‘बघ, जमलं तर.’’

ज्याला जायचं नाही त्याला मोकळं करणारे शब्द आहेत हे. ती हसून म्हणाली, सही दिलीय ना, मग कशाला, आणि बाकीच्याही डबे आवरायला लागल्या. संध्याकाळी सुटलो तेव्हा मी सगळ्यांच्या मागे राहिले. वाटलं, एकेकीला गाठून सांगू. नाही गाठलं. मुलीला घरी सांगितलं, की सांगितलं.

रविवारी मी एकटी गेले. आपण तरी जावं, आपलं मत तरी त्यांना द्यावं, अशी स्वतःची समजूत काढून. हॉलच्या दाराशी मास्तर उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून. मागे टेबलावर वर्तमानपत्राने झाकलेला बटाटवड्यांचा ट्रे. दर वर्षीसारखा.

‘‘इलंस?’’ मला बघून त्यांचा चेहरा उजळला. मग माझ्या मागे बघून म्हणाले, ‘‘बाकीची खंय गो?’’

मी म्हटलं, येतील.

शेठ चारपाच माणसं घेऊन आले होते. मला बघून त्यांनी मान हलवली, ओळख असल्यासारखी. त्यांच्यातल्या वकिलाने कागद मोजले, बारा. मग माझा वेगळा काढला, कारण मी समोर बसले होते. चिठ्ठ्यांवर मतं झाली. अकरा कागद शेठच्या बाजूला गेले आणि मास्तर स्वतःच्या कंपनीतून बाहेर झाले. अर्धा तास लागला असेल. मुलीने नंतर सांगितलं, कंपनी अशी हिसकावून घेण्याला इंग्रजीत वेगळा शब्द आहे. असेल. ह्या कंपनीपुरतं विचाराल, तर ती माझ्या खोलीतून गेली.

ते अकरा कागद मास्तर टेबलाशी उभे राहून एकेक करून बघत होते. अंगठे ओळखायचे ते, सह्या ओळखायचे. पगाराच्या वहीवर दर महिन्याला बघितलेल्या. मग माझ्याजवळ आले. मला वाटलं, आता विचारतील. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी कितीतरी वर्षं म्हणत आले. पण ते म्हणाले, ‘‘तुका चूक कळली आणि तू धावत इलंस. माका तेवढा पुरे.’’ आणि वडे मला घरी न्यायला बांधून दिले.

पुढच्या चार महिन्यांत गाळ्याला कुलूप लागलं. शेठना कारागीर नको होत्या, परदेशी खेळांचे तयार बोर्ड बाहेरून आणून ते कपाटांत बसवायचे होते. होडीचा खेळ पार्लरांतून काढला. मला त्यांनी अंधेरीच्या पार्लरात सुट्टे द्यायला खुर्ची देऊ केली होती. गेले नाही. तो काही माझा मोठेपणा नव्हे, पोरांसमोर त्या खुर्चीत बसायचीच लाज वाटली. बाकीच्यांनी कुठे पॅकिंग धरलं, कुठे धुणीभांडी. सत्काराचं पाडव्याला कुणी नावही काढलं नाही. पण मला एकीनेही दोष दिला नाही, शेठने हिलाही फसवलं, असंच सगळ्या म्हणाल्या. आणि मी त्यांना तसं म्हणू दिलं.

मास्तरांनी घरी रेडिओ दुरुस्तीचं काम परत सुरू केलं. दोन वर्षांनी त्यांच्या मुलीचं लग्न केलं तेव्हा गाळ्यातल्या एकटीलाच पत्रिका दिली. मला. मी गेले, जेवले, आहेर केला. वाकोल्याचीला कुठून तरी कळलं, तिने विचारलं, ‘‘आमचं काय चुकलं गं? एवढी वर्षं एका टेबलावर बसलो.’’ मी म्हटलं, लग्नाची घाई, राहून गेलं असेल.

त्यांच्या शेवटच्या आजारात मी भेटायला जायचे. एकदा, मी मोसंबं सोलत असताना, छताकडे बघत म्हणाले, ‘‘त्या अकराजणींका मी काय कमी केलंय?’’ मी फोडी बशीत लावल्या. बशी त्यांच्या हाताशी सरकवली. त्यानंतर महिन्याभरात ते गेले.

आज अकरांतल्या तिघी आहेत. हे लिहून झालं तशी मी वाकोल्याला गेले. तिला आता चष्म्यानेही वाचता येत नाही, म्हणून मीच वाचून दाखवलं, शनिवारच्या डब्यापर्यंत, मोसंब्यापर्यंत. तिच्या सुनेने चहा आणून ठेवला होता, तो निवून गेला.

मला वाटलं होतं, ती गाळ्याचं बोलेल, त्यानंतर घासलेल्या भांड्यांचं बोलेल. माझ्याबद्दल तर काहीतरी बोलेलच.

ती म्हणाली, ‘‘म्हणजे मास्तर आमच्यावर रागावूनच गेले.’’

मी हो म्हटलं.