आनंदरावांच्या वावरातलं सोनं

समुद्रपूरहून गिरडकडे एसटी सुटली आणि लक्षात आलं, दगड घासून कस लावायची छोटी खरबरीत फरशी मी पुण्यातच विसरलो. सोनं तपासायला निघालेला माणूस आणि फरशी घरी! बोलावणं होतं वैशालीचं. ती इथली शेतकरीण; दगडांवरचे माझे लेख वाचून तिनं फोन केला होता. "सर, सासऱ्यांनी सोन्यापायी एक एकर वावर (शेत) पडीक ठेवलं. मले तिथं वांगे लावायचे हायेत. एकदाचं काय ते पाहून सांगा."

फाट्यावर तीच घ्यायला आली. कपाशीतून चालत वावरात पोहोचलो. सासरे, आनंदराव, मला खड्ड्यांचा इतिहास सांगू लागले. पहिला त्यांच्या वडिलांचा. विहीर खणताना काळ्या खडकात पिवळं चमकलं होतं. दुसरा एका व्यापाऱ्याचा. तो महिनाभर खणून हात हलवत गेला. तिसरं नुसतं बोअरचं भोक. मशीनवाले दगडाच्या कांड्या पेटीत घालून गेले ते गेलेच. हा खडक म्हणजे थिजलेला लाव्हा. त्यात चमकणारे खडे मी पुष्कळ पाहिले, सोनं कधीच नाही. तरी खरं सांगतो, प्रत्येक खड्ड्यात मी वाकून पाहिलं.

"आंदी जेवा, सर. सोनं काई पळून नाई राह्यलं," आनंदराव म्हणाले. वैशालीनं गोळाभात (डाळीचे तिखट गोळे घातलेला भात) वाढला. कुणी आग्रह न करताच मी तिसऱ्यांदा घेतला.

मग फरशीऐवजी मी चहाचा कप पालथा करून त्याच्या बुडाच्या खरबरीत कडेवर आनंदरावांनी जपलेला खडा घासला. सोन्याची रेघ पिवळी उमटते. ही काळी उमटली. हातोडी मारली. सोनं चपटं झालं असतं. याचा भुगा झाला. म्हाताऱ्याच्या तोंडावर कसं सांगावं, मला समजेना.

"हे सोनं नाही, आनंदराव."

"ठाऊक हाये. माह्या बापानंबी असाच ठेचून पाह्यला होता."

वैशाली उठून उभी राहिली. "मंग मामाजी, इतके वर्स वावर पडीक काऊन ठेवलं?"

"तुह्या नवऱ्याले नागपुरात फ्लॅट घ्याचा होता. वावराले गिऱ्हाईक घिऊन आलता. सोनं हाये म्हटलं तवा थांबला. वावर पडीक दिसे, म्हणून त्याले खरं वाटे."

"आणि आता?" मी विचारलं.

"आता हे सून वावर कसतो म्हणते. हिच्या हातचं वावर इकाची त्याची छाती नाई."

वैशाली हसली आणि दोरी घेऊन सरळ सऱ्या आखायलाच गेली. मला निरोप द्यायचंही ती विसरली.

परतीच्या एसटीत वाटत राहिलं, इतक्या जणांनी तो खडक फोडला. पण त्यात सोनं नाही हे ज्याला पक्कं ठाऊक होतं, त्यानंच जमीन राखली. एवढ्यात फोन वाजला. वैशालीचा नवरा होता, नागपूरहून.

"सर, लागलं का सोनं?"

चाळीस वर्षं मी मुलांना विज्ञान शिकवलं, निकाल कधी दडवला नाही.

"तपासणी चालू आहे," मी म्हणालो. "वांगी लागू द्या, मग सांगतो."